नाव कमी झाल्याचा आनंद

यादीतून नाव कमी झाले असे कोणी सांगितले, की आपल्याकडे माणसाच्या पोटात गोळा येतो. रेशनकार्डावरचे नाव कमी झाले, मतदारयादीतून नाव उडाले, लाभार्थ्यांच्या यादीत नाव सापडेना, म्हणजे तहसील कचेरीचे हेलपाटे ठरलेले. नाव कमी होणे हीच आनंदाची बातमी ठरावी, अशा याद्या फार थोड्या. त्यांतली एक आजच्या तारखेला आठवण्याजोगी आहे. २००२ साली २७ ऑगस्टलाच अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात एका चिमुकल्या रानफुलाचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळल्याचा आदेश प्रसिद्ध झाला. त्या बातमीची जगात फारशी दखल घेतली गेली नाही. पण ऑगस्ट सरता सरता आपल्या सह्याद्रीचे सडे आणि पठारे फुलू लागतात, कासच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा त्या फुलाची हकिगत महाराष्ट्राने मुद्दाम वाचावी अशी आहे.

त्या फुलाचे नाव रॉबिन्स सिंकफॉइल. वनस्पतिशास्त्रात ते पोटेन्टिला रॉबिन्सियाना. कूळ गुलाबाचे, हिमालयात दंतमंजनासाठी वापरतात ती वज्रदंती याच्याच गोतातली. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेबाहेर ते जगात कुठेही आपसूक उगवत नाही. त्यातही जवळजवळ सगळी झाडे माउंट वॉशिंग्टन शिखराच्या खालच्या अंगाला, मन्रो फ्लॅट्स नावाच्या एका दगडगोट्यांच्या सपाटीवर, जेमतेम अडीच एकरांत एकवटलेली. हे शिखर १,९१७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पावणेतीनशे मीटर जास्त. पण तिथले हवामान उंचीच्या मानाने फारच दांडगे. एप्रिल १९३४मध्ये तिथे ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. असा वारा सपाटीवर बर्फसुद्धा टिकू देत नाही. जमीन गोठते, फुगते, पुन्हा सैल होते आणि कोवळी रोपे मुळासकट उचलून टाकते. अशा जागी हे झाड दोन-चार सेंटिमीटरांच्या पसाऱ्यात दगडांना बिलगून बसते, जाड सोटमूळ खोल घालते आणि जूनमध्ये काही दिवस पिवळी फुले मिरवून घेते. दुसऱ्या कोणत्याही झाडाला जिथे राहावेसे वाटत नाही, ती जागा त्याने आपली केली.

वारा, बर्फ आणि गारठा त्याने हजारो वर्षे पचवला. पचला नाही तो माणसाचा बूट. १८१९ साली खणलेली क्रॉफर्ड पाथ ही गिर्यारोहकांची जुनी वाट नेमकी त्या सपाटीतून जात होती. पुढे अपालाचियन ट्रेल ही प्रसिद्ध लांब पल्ल्याची पायवाटही तिथूनच नेली गेली आणि १९१५ साली जवळच गिर्यारोहकांसाठी मुक्कामाचे घर उभे राहिले. दर उन्हाळ्यात हजारो पाय त्या अडीच एकरांवरून गेले. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. पायाखाली काही आहे हेच बहुतेकांच्या गावी नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते, त्यांनी तर आणखी नुकसान केले. एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिसंग्राहक हे दुर्मिळ फूल आपल्या संग्रहात हवेच म्हणून वर चढत आणि झाडे उपटून नेत. अनेक वनस्पतिसंग्रहालयांत त्याचे वाळवलेले नमुने आजही नीट चिकटवलेले आहेत. दुर्मिळतेचा बोभाटा झाला आणि दुर्मिळता वाढली. ऑर्किडच्या वासनेपायी रिकाम्या झालेल्या आपल्या देवरायांना आणि छायाचित्रासाठी फुलांवर आडवे पडणाऱ्या पर्यटकांना हा न्याय अनोळखी वाटू नये.

१९८० साली या झाडाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत गेले. तेव्हा उरलेली झाडे चार हजारांहूनही कमी होती. त्यानंतर जे झाले त्यात चमत्कार वाटावा असे काहीच नाही, आणि म्हणूनच ते शिकण्यासारखे आहे. १९८३मध्ये पायवाट त्या सपाटीवरून हलवून बाजूने नेली. सपाटीच्या कडेला दगडांची बुटकी रांग रचली, आत जाऊ नये असे फलक लावले आणि मोसमात येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायला माणसे उभी केली. वनखाते, अपालाचियन माउंटन क्लब ही गिर्यारोहकांची संस्था आणि न्यू इंग्लंड वाइल्ड फ्लॉवर सोसायटी ही वनस्पतिप्रेमींची संस्था एकत्र आल्या. यांतल्या वनस्पतिप्रेमी संस्थेच्या रोपवाटिकेत बियांपासून रोपे तयार झाली आणि ती डोंगरातल्या दुसऱ्या सोयीच्या जागी नेऊन लावली गेली. त्यांतली बरीच मेलीसुद्धा. पण काही ठिकाणी त्यांनी मूळ धरले, बी धरले आणि त्या बियांतून नवी रोपे आली. मूळच्या सपाटीवरही झाडांना उसंत मिळाली. वर्षामागून वर्षे, गुडघ्यावर बसून, एकेक झाड मोजले गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती मोजणी चौदा हजारांच्या पुढे गेली होती.

तरीही नुसत्या या आकड्यावर नाव काढले गेले नाही. उद्या नाव निघाले आणि परवा कोणी पायवाट पुन्हा सरळ केली तर काय, हा प्रश्न आधी विचारला गेला. १९९४ सालीच वनखात्याने लेखी करारावर सही केली होती: यादीत नाव असो वा नसो, त्या सपाटीचे रक्षण चालू राहील. म्हणजे फुलाला कायद्याच्या पंखाखालून काढण्याआधी त्याच्यासाठी जामीन उभा राहिला. आमच्या मते या साऱ्या कथेचे मर्म तिथे आहे. यादीतून नाव काढणे म्हणजे जबाबदारीतून मोकळे होणे नाही. कुणाची जबाबदारी आहे हे कायमचे ठरल्यावरच नाव काढता येते.

ज्या कायद्यान्वये हे घडले, तो अमेरिकेचा संकटग्रस्त जाती कायदा डिसेंबर १९७३मध्ये अमलात आला. त्याच्या यादीतून बाहेर पडायला तीन दारे आहेत. पहिले दार सावरण्याचे. दुसरे, मुळात माहितीच अपुरी होती असे उघड होण्याचे. तिसरे दार नामशेष होण्याचे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्या तिसऱ्या दारातून एकवीस जाती एकदम बाहेर गेल्या: हवाई बेटांवरचे आठ पक्षी, गोड्या पाण्यातले आठ शिंपले, एक वटवाघूळ आणि आणखी काही. त्यांची नावेही कमी झाली आणि यादी तेवढीच आखूड झाली. म्हणून ‘यादीतली इतकी नावे घटली’ ही बातमी वाचताना ती कोणत्या दाराने घटली, हे विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये.

पहिल्या दाराने जायचे तर कायदा पाच प्रश्न विचारतो. राहण्याची जागा शाबूत आहे का? तोड, खुडणी, गोळा करणे थांबले का? रोग आणि खाणारे प्राणी आवाक्यात आहेत का? दुसरे कायदे आणि नियम पुरेसे आहेत का? आणि आणखी काही नैसर्गिक वा मानवी धोका उरला आहे का? यादीत घालताना हेच पाच प्रश्न, काढतानाही हेच पाच. नाव निघाल्यावरही किमान पाच वर्षे देखरेख ठेवावी लागते आणि घसरण दिसली तर पुन्हा यादीत घालता येते. या कायद्यातही उणिवा आहेतच. यादीतल्या अमेरिकी जातींत निम्म्याहून अधिक वनस्पती आहेत, पण पैसा प्राण्यांवरच जास्त खर्च होतो. खासगी जमिनीवरच्या झाडाला तर प्राण्याइतके संरक्षणही मिळत नाही. लांडगा, गरुड, अस्वल यांच्यासाठी माणसे भांडतात. दोन बोटे उंचीच्या झाडासाठी कोण भांडणार? रॉबिन्स सिंकफॉइलची गोष्ट म्हणूनच मोलाची आहे. ते झाड कुणाला खायला मिळत नाही, त्याचे औषध होत नाही, लांबून ते दिसतही नाही.

संरक्षणाचा एकच साचा नसतो, हेही इतर उदाहरणांवरून दिसते. टेनेसी राज्यात नॅशविलच्या आसपास चुनखडीच्या कातळावर मातीचा जेमतेम थर असलेली उघडी माळराने आहेत. तिथला जांभळा कोनफ्लॉवर नष्ट झाला असे मानले जात होते. १९६०च्या दशकात तो पुन्हा सापडला, १९७९मध्ये यादीत गेला आणि २०११मध्ये यादीबाहेर आला. वाढत्या शहराच्या तोंडातून त्याची जमीन काढून राखून ठेवणे, हा तिथला मुख्य उपाय होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांताक्रूझ बेटावर रानटी झालेली मेंढरे आणि डुकरे हटवल्यावर तिथली डडलिया ही मांसल पानांची वनस्पती सावरली आणि २०२३मध्ये तिचे नाव कमी झाले. त्याच वर्षी वायव्य अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातली गोल्डन पेंटब्रश ही वनस्पतीही यादीबाहेर आली. तिची गरज मात्र निराळी. ती शेजारच्या झाडांच्या मुळांतून थोडे अन्न उचलते आणि तिला मोकळे, उन्हाचे रान लागते. मूळ रहिवासी पूर्वी ठरावीक काळाने गवत जाळत, त्यामुळे ते रान मोकळे राही. ती प्रथा बंद पाडली गेली तसे झुडपे आणि झाडे माजली आणि ही वनस्पती गुदमरली. तिला वाचवायला पुन्हा नियंत्रित आग लावावी लागली. एका ठिकाणी पायवाट हलवायची, दुसऱ्या ठिकाणी मेंढरे, तिसऱ्या ठिकाणी काडी ओढायची. झाडाला नेमके काय हवे, हे आधी समजून घेतले म्हणून हे जमले.

आपल्याकडे कासच्या पठारावर हाच धडा थोड्या किमतीने मिळाला. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला आणि गर्दीचा लोंढा आला. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून जाळीचे कुंपण घातले गेले. हेतू चांगला होता. पण गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि फुलांचे गालिचे विरळ होऊ लागले, अशी तक्रार आसपासच्या गावांनी आणि अभ्यासकांनी केली. पुढे ते कुंपण काढण्यात आले. गुरांमुळे फुले जातात की गुरांमुळे फुले राहतात, याचे उत्तर सांताक्रूझ बेटावर एक आणि कासवर दुसरे असू शकते. ते वादाने मिळत नाही. ठरावीक चौकटीतली झाडे दर मोसमात मोजली, तरच मिळते.

आणि इथेच आपली खरी उणीव आहे. झाडांना यादीत घालायला आपण कमी पडलो, असे म्हणता येत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९८७ ते १९९० या काळात तीन खंडांत वनस्पतींचे लाल माहितीपुस्तक काढले. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१च्या दुरुस्तीने वनस्पतींची स्वतंत्र अनुसूची आली. २००२च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३८नुसार नष्टप्राय जाती अधिसूचित करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कागद भरपूर झाले. पण त्यांतल्या एखाद्या झाडाबद्दल ‘तेव्हा इतकी होती, आता इतकी आहेत, अमुक केल्यामुळे वाढली, म्हणून नाव काढतो’ असे छातीठोक सांगितल्याचे आपल्या कानी पडत नाही. आपल्या यादीत शिरलेले नाव तिथेच राहते. झाड वाचले तरी राहते, आणि गेले तरीही राहते.

शिंदळ माकुडीचे पाहा. जुन्नरच्या डोंगरातली ही मांसल खोडाची वनस्पती डाल्झेल या वनस्पतिज्ञाने १८६०च्या दशकात शास्त्राला कळवली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. उभ्या कड्यांच्या कपारीत ती लोंबते, पावसाळ्यात पाने धरते आणि तांबूस-किरमिजी, पिवळ्या नक्षीच्या चांदणीसारखी फुले देते. १९८०च्या दशकात निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने जगातल्या अत्यंत धोक्यातल्या बारा वनस्पती निवडल्या, त्यांत ती होती. पुढे शिवनेरीखेरीज पुणे-सातारा भागातल्या आणखी कड्यांवर ती आढळली. फांदी लावून ती सहज जगते, त्यामुळे संस्थांनी आणि हौशी मंडळींनी ती वाढवली, काही ठिकाणी कड्यांवर परत लावलीही. मग तिचा धोका टळला का? कुंडीतल्या रोपांवरून हे ठरत नाही. कड्यावर किती, कोणत्या कड्यावर किती, तिथे बी धरून नवी पिढी येते का, कड्याखाली वणवा दरवर्षी लागतो का, हे कळले तरच ठरते. शिवाजी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कंदीलपुष्पांच्या जातींसाठी वर्षानुवर्षे जे काम केले, रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरात नेली, ते त्याच वाटेचे पहिले टप्पे आहेत. पण असे काम एखाद्या प्राध्यापकाच्या निष्ठेवर किती दिवस चालावे?

कोकणातल्या सड्यांची तर आणखी पंचाईत. पावसाळ्यात जांभ्याच्या कातळावर जी फुले येतात, त्यांतली कित्येक जगात अन्यत्र नाहीत. महसुली दप्तरात मात्र तो कातळ बहुधा पोटखराबा असतो. खराब म्हणून नोंदलेल्या जमिनीवरचे फूल संकटग्रस्त आहे, हे कुणाला पटवून द्यायचे? तिथे चिरेखाणीसाठी कातळ कापला गेला, की फुलाचे नाव कोणत्या यादीत होते या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

नाव काढण्यात धोकाही आहे, हे नाकारण्यात हशील नाही. यादीत नाव असेपर्यंत जमिनीवर बंधने असतात. नाव निघाले की त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले पुढे येतात. म्हणून अनेक निसर्गप्रेमी कोणतेही नाव कधीच काढू नये या मताचे असतात. त्यांची भीती खोटी नाही. रक्तचंदनाच्या बाबतीत ती दिसली. आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत २०१८मध्ये रक्तचंदन ‘संकटग्रस्त’ गटातून खाली आणले गेले आणि तीनच वर्षांत ते पुन्हा त्याच गटात गेले. आंध्रच्या शेषाचलम डोंगरांत मधल्या काळात तस्करांच्या कुऱ्हाडी काही थांबल्या नव्हत्या. पण या अनुभवाने नाव काढणेच चुकीचे ठरत नाही. घाई चुकीची ठरते. जी यादी कधीच आखूड होत नाही, तिच्यावर लोकांचा विश्वास हळूहळू उडतो. शेतकऱ्याला, धनगराला, गावाला वाटू लागते की एकदा नाव लागले की जमीन गेली. उलट, काम केले तर नाव निघते आणि बंधने सैल होतात, हे दिसले तर तेच लोक राखणदार होतात. बरी झालेली जात यादीतून काढली, तर तिच्यावरचा पैसा आणि माणसे दुसऱ्या मरणाऱ्या जातीकडे वळवता येतात, हा हिशेबही विसरण्यासारखा नाही.

मग करायचे काय? नवा कायदा नको, नवे मंडळ नको. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली आहे आणि लोकांनी लिहायची जैवविविधता नोंदवही दिली आहे. माधव गाडगीळांनी ज्या नोंदवहीचा आयुष्यभर आग्रह धरला, ती अनेक गावांत एकदा भरून कपाटात गेली. ती बाहेर काढावी. गावच्या हद्दीत जी एक-दोन दुर्मिळ झाडे आहेत, त्यांची दरवर्षी एकाच आठवड्यात, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजणी करून तिच्यात लिहावी. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने ती तपासावी. जंगलाच्या जमिनीवर वनखात्याने आणि सड्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी त्या जागेचा लेखी जामीन घ्यावा. ज्या गडकिल्ल्यांवर दर शनिवार-रविवार हजारो तरुण चढतात, तिथल्या गिर्यारोहण संस्थांनी एकेका कड्याची राखण पत्करावी. व्हाइट माउंटन्समध्ये ज्यांच्या बुटांनी फूल मरत होते, त्यांच्याच संस्थेने ते वाचवले. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांना हे जमणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

या मोसमात पठारावर जाणाऱ्यांनी एवढे तरी करावे: वाट सोडू नये, फूल खुडू नये, आणि परतताना त्या गावच्या समितीला यंदाची मोजणी झाली का, असे विचारून यावे. पाच-दहा गावांतून हा प्रश्न दरवर्षी विचारला जाऊ लागला, तर महाराष्ट्राच्याही एखाद्या झाडाचे नाव उद्या अभिमानाने यादीतून कमी करता येईल. ते निघेपर्यंत मोजत राहावे, आणि निघाल्यावरही मोजणे थांबवू नये.